समुद्राचा सातबारा नसतो, म्हणून जनसुनावणी चुकवू नका!

शेताचे भूसंपादन निघाले की सातबारावरच्या खातेदाराला नावानिशी नोटीस येते. समुद्राला मात्र सातबारा नाही. पिढ्यान् पिढ्या एकाच जागी डोल लावणाऱ्या कोळ्याचे नाव त्या पाण्यावर कुठेच चढलेले नसते. उद्या किनाऱ्यावर बंदर येऊ घातले, तर त्याने आपले म्हणणे मांडायचे कुठे? त्यासाठी जनसुनावणी असते.

पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराचेच पाहा. १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने ते नाकारले. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटी घालून परवानगी दिली. १९ जानेवारी २०२४ रोजी जनसुनावणी झाली. मच्छीमारांनी जोरदार विरोध केला. तरीही जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली.

‘मग सुनावणीला जाऊन फायदा काय हो?’ असे कुणीही विचारील. प्रश्न रास्त आहे. सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. हात वर करून तिथे प्रकल्प थांबत नाही. पण तिथे मांडलेल्या हरकतींची दखल प्रकल्पवाल्यांना अंतिम अहवालात घ्यावी लागते. पुढे कोर्टात जायचे झाले तर तोच कागद हाती असतो.

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेतील या गोष्टी ध्यानात ठेवा :

१) सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रात द्यावी लागते.

२) अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. मराठी सारांश मागून घ्या.

३) गणपूर्तीची अट नाही. दहाच माणसे आली तरी सुनावणी होते. ग्रामसभेसारखी ती तहकूब होईल या भरवशावर घरी बसू नका.

४) शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवतात व त्याच दिवशी त्यावर सही होते. ते ऐकल्याशिवाय उठू नका.

नुसते ‘आमचा विरोध आहे’ लिहून भागत नाही. गावात होड्या किती, जाळी कोणती, कोणत्या महिन्यात कुठे कोणती मासळी लागते, मासळी सुकवणाऱ्या-विकणाऱ्या बायका किती, हे आकड्यानिशी लिहा. या बायकांच्या नावे होडी नसते, म्हणून त्या हिशेबातून सुटतात. खाडीकाठच्या भातशेतीत खारे पाणी शिरण्याची भीती असेल तर गट नंबर द्या.

सरपंच मंडळींनी ही माहिती ग्रामसभेपुढे ठेवून ठराव करावा. लेखी हरकत द्यावी आणि शिक्क्यासह पोच घ्यावी. नोटिशीची वाट न पाहता होड्यांची मोजणी आजच सुरू करा. ३० दिवस म्हणता म्हणता सरतात.