खांदेरीचा खडक आणि चार बेटांचा माणूस

औशाच्या माणसाने समुद्री किल्ल्यांच्या नादी लागावं, याचं आमच्याकडे लोकांना हसू येतं. आमचा किल्ला भुईकोट. पाण्याशी त्याचा संबंध खंदकापुरता. पण या किल्ल्याच्या इतिहासात हबशी मलिक अंबर येतो, शेजारच्या उदगीरच्या इतिहासात सिद्दी मिफ्ताह येतो. 1636 मध्ये मोगलांच्या खान दौरानने उदगीर आणि औसा दोन्ही घेतले. इथली हबशी सत्ता बुडाली, जंजिऱ्याची मात्र टिकली. ती का टिकली, याचा माग काढता काढता मी थळच्या किनाऱ्यावर आणि तिथून बोटीने खांदेरीला पोचलो. ते वेड अजून उतरलेलं नाही.

मराठी आरमाराची पूर्वपीठिका वाचकांना पाठ असते, म्हणून थेट 1679 च्या ऑगस्टअखेरीस येतो. मुंबईच्या तोंडाशी, थळसमोर, ओसाड पडलेला हा खडक. शिवाजी महाराजांचा मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन तिथे उतरला आणि तटाचं काम सुरू झालं. पावसाळा पुरता सरलेला नव्हता; मोठ्या जहाजांनी बंदराबाहेर पडावं असे ते दिवस नव्हते. हा मुहूर्त योगायोगाने साधला असेल, असं मला वाटत नाही.

पुढची हकिकत बरीचशी कळते ती शत्रूच्या कागदांतून. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने 1931 मध्ये ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ हे पत्रांचं बाड छापलं. त्यात मुंबईकर आणि सुरतकर इंग्रजांचा पत्रव्यवहार आहे आणि तो वाचताना करमणूक होते. मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर तट चढतोय, म्हणून त्यांना लढायचंय. सुरतकरांना खर्चाची धास्ती. बेट सोडा, असं मायनाकाला सांगून पाहिलं; महाराजांच्या हुकुमाशिवाय हलणार नाही, असं त्याने कळवलं. 19 सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प आपलं शिबाड बेटाच्या फार जवळ घेऊन गेला. तो मारला गेला आणि शिबाडही मराठ्यांच्या हाती लागलं.

18 ऑक्टोबरला मराठी आरमाराचा दौलतखान चाळीस-पन्नास गलबतं घेऊन इंग्रजांच्या आठ जहाजांवर चालून आला. ‘डव्ह’ नावाच्या गुराबेने निशाण उतरवलं. इतर जहाजं मागे सरली. ‘रिव्हेंज’ हे फ्रिगेट मात्र जागचं हललं नाही. त्यावर कॅप्टन मिंचिन होता आणि त्याच्याबरोबर रिचर्ड केग्विन. त्यांच्या तोफांपुढे मराठी गलबतं किनाऱ्याकडे परतली.

हा केग्विन मला सोडवत नाही. 1673 मध्ये डचांकडून सेंट हेलेना बेट परत घेताना किनाऱ्यावर उतरलेल्या तुकडीचा तो म्होरक्या होता, पुढे तिथला गव्हर्नर झाला. या माणसाच्या आयुष्यातलं दुसरं बेट खांदेरी, तिसरं मुंबई. ईस्ट इंडिया कंपनीने फौजेच्या खर्चाला कात्री लावली, तेव्हा डिसेंबर 1683 मध्ये त्याने बंड केलं आणि जवळजवळ वर्षभर इंग्लंडच्या राजाच्या नावाने मुंबईचा कारभार हाकला. संभाजी महाराजांशी तहही केला. अखेर माफी मिळवून बेट सोडलं आणि 1690 मध्ये वेस्ट इंडिजमधल्या सेंट किट्स बेटावर लढताना मेला. खांदेरीच्या वेळी सुरतेने दाखवलेली काटकसर आणि चार वर्षांनी झालेलं बंड, माझ्या मते एकाच हिशेबाची दोन पानं आहेत.

18 ऑक्टोबरच्या लढाईला इंग्रज लेखक विजय म्हणतात. पण त्या विजयाने खांदेरीला काय फरक पडला? काहीच नाही. वल्ह्यांनी चालणाऱ्या लहान होड्या रात्री किनाऱ्यावरून सुटत आणि माणसं, धान्य, दारूगोळा बेटावर पोचवत. वाऱ्यावर अवलंबून असलेल्या अवजड जहाजांना त्या सापडत नसत. इंग्रजांनीच तसं लिहून ठेवलं आहे. रसद तुटली नाही, म्हणून तट चढत राहिला. आमच्या भुईकोटांचंही असंच असतं: तोफा नावाला, खरा प्रश्न धान्याचा. पुढे जंजिऱ्याचा सिद्दी इंग्रजांच्या मदतीला आला आणि जानेवारी 1680 मध्ये त्याने शेजारची उंदेरी बळकावली. इंग्रजांनी त्याच सुमारास तह करून काढता पाय घेतला. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

आज बेटावर 1867 मध्ये बांधलेलं दीपगृह आहे, कोळ्यांचा वेताळ आहे, गाड्यांवर बसवलेल्या जुन्या तोफा आहेत. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या बारा मराठा किल्ल्यांत खांदेरीही आहे. केग्विनवर ब्रिटिश चरित्रकोशात स्वतंत्र नोंद आहे. मायनाकाला आपण ओळखतो ते मुख्यतः त्याच्या शत्रूंच्या पत्रांमुळे. आता वारशाचे नवे फलक लागतील. त्यांवर मायनाक भंडारी आणि दौलतखान ही नावं ठळक हवीत, आणि रात्री होड्या वल्हवणाऱ्या खलाशांसाठी निदान एक ओळ हवी. किल्ला त्यांनीच जगवला.