अर्धशिशी आणि उधारीची झोप

डोके दुखणे हे आपल्या समाजात दुखणे मानलेच जात नाही. ताप आला तर कपाळाला हात लावून पाहता येते, हाड मोडले तर प्लास्टर दिसते; अर्धशिशीला मात्र सोसणाऱ्याच्या शब्दापलीकडे पुरावा नसतो. सुश्रुताने ‘अर्धावभेदक’ या नावाने शिरोरोगांत गणलेला हा विकार आजही घरोघरी ‘नखरा’ ठरतो. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे तिपटीने अधिक आढळतो, हेही त्याचे एक कारण असावे.

या विकाराची प्रवृत्ती बहुधा आनुवंशिक असते. ताण आणि अपुरी झोप यांमुळे ती निर्माण होत नाही, पण दुखणे उसळावयास निमित्त मिळते. विचित्र गोष्ट अशी की, ताण ओसरतानाही डोके उठते. आठवडाभर धावपळ निभावून नेलेल्या माणसाचे कपाळ नेमके रविवारी ठणकू लागते. त्यात उशिरापर्यंत लोळून झोपेची उधारी फेडू पाहावे, तर तेही अनेकांना बाधते. झोप पुरेशी हवी आणि रोज ठरल्या वेळी हवी.

कर्जतहून वा कसाऱ्याहून मुंबईला नोकरीस येणाऱ्या स्त्रीने ही ठरली वेळ आणावयाची कोठून? पहाटे पाणी भरावयाचे, डबे करावयाचे, गाडी गाठावयाची. रात्री सर्वांचे आटोपल्यावर अंथरुणाला पाठ टेकावयाची. ‘झोप नीट घ्या’ हा सल्ला तिच्यापुरता थट्टाच होय. पहाटेचे पाणी नवऱ्याने भरले आणि रात्रीची भांडी मुलाने घासली, तर तिला तासभर झोप मिळेल. ते घडत नाही, म्हणून तिच्या पर्समध्ये गोळ्यांची पट्टी असते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, संयुक्त गोळी 10 किंवा अधिक दिवस, अशी 3 महिन्यांहून अधिक काळ घेतली गेली, तर गोळीच डोकेदुखीचे कारण होऊ शकते.

वारंवार त्रास होणाऱ्यांसाठी प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलिन यांसारखी जुनी प्रतिबंधक औषधे आहेत. ती डॉक्टरांनीच ठरवावयाची. दमेकऱ्याला प्रोप्रानोलॉल चालत नाही. त्यांचा गुण दिसावयास काही आठवडे जातात. दुखण्याचे दिवस, झोपेच्या वेळा आणि घेतलेल्या गोळ्या यांची नोंदवही डॉक्टरांकडे न्यावी. मात्र डोके एकाएकी असह्य दुखू लागले, अथवा सोबत ताप, मान आखडणे, हातापायातील बळ जाणे असे काही दिसले, तर त्याला नेहमीची अर्धशिशी समजू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.