भगर फक्त उपवासालाच का? आणि तीच भगर कधी कधी दवाखान्यात का पोहोचवते?

एकादशी जवळ आली की किराणा दुकानात भगरीचं पोतं पुढं येतं. आषाढी, श्रावण, नवरात्र, महाशिवरात्र. बाकीचे दिवस तिला कुणी विचारत नाही. आणि याच दिवसांत एखाद्या गावातून बातमी येते, भगर खाऊन इतक्या जणांना मळमळ, इतक्यांना सलाईन. फेब्रुवारी 2024 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावी सप्ताहात एकादशीचा प्रसाद खाऊन शेकडो लोक आजारी पडले. दवाखान्यात जागा पुरेना म्हणून रस्त्यावर दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या टांगल्या होत्या. ते फोटो तुमच्याही मोबाईलवर आले असतील.

असं काही झालं की घरोघरी एकच ठरतं, "यापुढं भगर नको." पण दोष भगरीचा नसतो. ती ठेवली कशी, दळली कधी आणि शिजवून किती वेळानं खाल्ली, सगळा खेळ तिथं आहे. म्हणून हे धान्य नेमकं काय आहे, अंगाला काय देतं आणि जपून कसं खायचं, ते एकदा नीट बघू.

भगर म्हणजे कोणतं धान्य?

भगर नावाचं वेगळं पीक नाही. वरई (कोकणात वरी) या बारीक धान्याचं टरफल काढलं की जो पांढरट दाणा उरतो ती भगर. नाचणी, राळा, कोद्रा यांच्याच कुळातलं हे भरडधान्य. नाशिकच्या इगतपुरी, पेठ, सुरगाणा या डोंगरी तालुक्यांत, अकोल्याच्या पट्ट्यात (नगरकडचं अकोले बरं का, विदर्भातलं नव्हे), नंदुरबार, पालघर, रायगडच्या उतारांवर वरई होते. हलकी मुरमाड जमीन, वरचा पाऊस, खत नसलं तरी चालतं. वरकस जमिनीत एक वर्ष नागली, पुढच्या वर्षी वरई, मग खुरासणी असा फेर जुनी माणसं धरायची. आपल्या राज्यातलं पीक पुरत नाही, त्यामुळं मध्य प्रदेश, ओडिशा, छत्तीसगडकडचा मालही नाशिकच्या भगर मिलमध्ये येतो.

पाकिटावरची नावं मात्र गोंधळात टाकतात. कुठं भगर, कुठं वरी तांदूळ, कुठं मोरधन, कुठं समा. यातला समा बहुतेक वेळा वरई नसून सावा असतो, आपल्या खानदेशात ज्याला बर्टी म्हणतात ते. चव आणि शिजणं जवळजवळ सारखंच, म्हणून काळजीचं कारण नाही.

उपवासाला भगर चालते, कारण लोक तिला धान्यात धरत नाहीत. हा श्रद्धेचा भाग, त्यात आपण पडायचं नाही. पण पोटाच्या हिशोबानं ती शंभर टक्के धान्य आहे. 100 ग्रॅम वरईत साधारण 346 कॅलरी असतात आणि तेवढ्याच तांदळात 356. म्हणजे "उपवासाची आहे, हलकी आहे" म्हणून शुगरवाल्यांनी दोन ताटं भरून खाल्ली तर साखर वाढणारच. त्यात साबुदाणा आणि बटाटा जोडीला असला की झालंच. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारावं. गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहणंही तितकंच धोक्याचं.

अंगाला काय मिळतं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 मध्ये भारतातल्या अन्नपदार्थांचे तक्ते काढले. त्यात 100 ग्रॅम वरईत प्रथिनं 10 ग्रॅमच्या आसपास आणि तंतू (चोथा) 7.7 ग्रॅम आहेत. पांढऱ्या तांदळात प्रथिनं 8 आणि तंतू जेमतेम 2.8 ग्रॅम. पोट साफ राहायला आणि साखर हळूहळू चढायला हा चोथाच कामाला येतो. वरईत ग्लुटेन नसतं, म्हणून ज्यांना गव्हाची बाधा होते त्यांनाही चालते.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतो की भगर म्हणजे लोहाची खाण, रक्त वाढवणारी. तो आकडा हवेतला नाही. जुन्या तक्त्यांत वरईचं लोह 100 ग्रॅमला 9.3 मिलिग्रॅम दिलेलं होतं. 2017 च्या मोजणीत ते फक्त 1.26 निघालं. बाजरीत 6.4 आहे. तेव्हा घरात कुणाचं रक्त कमी असेल तर भगरीच्या भरवशावर राहू नका. बाजरी, पालेभाजी, डाळी आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी, हाच रस्ता. कॅल्शियमचंही तसंच. नागलीत 364 मिलिग्रॅम, वरईत 16. हाडांसाठी नागली ती नागलीच.

आणखी एक गोष्ट. हे तंतू दाण्याच्या वरच्या कोंड्यात असतात. मिलमध्ये दाणा जितका घासून पांढराशुभ्र करतात तितका कोंडा जातो. गिऱ्हाईकाला पांढरी भगर आवडते म्हणून मिलवाला घासतो. घरी उखळात सडलेली वरई थोडी मळकट, तपकिरी दिसायची. मिळाली तर तीच घ्या. फक्त ती लवकर खवट होते, म्हणून थोडी थोडी आणायची.

मग विषबाधा कशानं होते?

भगरीचा दाणा बारीक, ओलावा लगेच धरतो. ओल लागली की त्यावर बुरशी येते. अन्न व औषध प्रशासन सणांच्या आधी ज्या सूचना काढतं त्यात अ‍ॅस्परजिलस जातीच्या बुरशीचं नाव असतं. ही बुरशी फ्युमिगाक्लेविनसारखी विषारी द्रव्यं सोडते. बुरशी कढईत मरते, पण तिनं आधीच सोडलेलं विष शिजवल्यानं जाईलच याची खात्री नाही. म्हणून "चांगली उकळली होती की" याला अर्थ राहत नाही.

आता आपल्या बाजाराची रीत बघा. आषाढीला दुकानदार पोतं फोडतो. आठवडाभर विक्री होते, मग पोतं कोपऱ्यात. श्रावणाची दमट हवा, भिंतीला ओल. नवरात्रात तेच पोतं परत पुढं येतं. त्यातही पीठ असेल तर धोका जास्त. दाण्यापेक्षा पीठ कितीतरी पटीनं ओलावा ओढतं, आणि पिठातली बुरशी डोळ्याला दिसतही नाही. भगरीच्या पिठाच्या भाकरी खाऊन त्रास झाल्याच्या बातम्या उगाच येत नाहीत.

त्यामुळं तयार पीठ आणूच नका. दाणे आणा, निवडा, उन्हात तास-दोन तास टाका आणि एका दिवसाला लागेल तेवढंच घरी मिक्सरवर किंवा जात्यावर दळा. गिरणीत दळायचं असेल तर आधी कुणाचं जुनं पीठ आत अडकलेलं नाही ना ते बघा. सुटी भगर शक्यतो टाळा. पाकीट घेताना पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायची ती तारीख आणि 14 आकडी परवाना नंबर बघा. बिल मागा. दुकानदार ओळखीचा असला की बिल मागायला आपल्याला लाज वाटते, पण उद्या तक्रार करायची वेळ आली तर हातात तोच एक कागद असतो. घरात कोरड्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवा. कुबट वास, गुठळ्या, जाळी किंवा काळसर-हिरवट दाणा दिसला तर सरळ टाकून द्या. कोंबड्यांना, जनावरांनाही घालू नका.

सप्ताह आणि महाप्रसाद करणाऱ्या मंडळींसाठी वेगळं सांगावं लागतं. तिथं भगर चांगली असली तरी पहाटे पाच वाजता शिजवलेली कढई दुपारी एकच्या पंगतीपर्यंत झाकून ठेवतात. कोमट, ओलसर भातात जंतू झपाट्यानं वाढतात, मग तो तांदळाचा असो की भगरीचा. एकदम मोठी कढई चढवण्यापेक्षा दोन-तीन हप्त्यांत शिजवा आणि प्रत्येक हप्ता दोन तासांच्या आत वाढून संपवा. आमटीचंही तसंच. उरलेलं रात्री घरोघरी वाटणं बंद करा. लोकांना राग आला तर येऊ द्या.

खाल्ल्यावर मळमळ, उलट्या, जुलाब, चक्कर, हातपाय थरथरणं असं काही जाणवलं तर "होईल बरं" म्हणत बसू नका. ओआरएस किंवा साखर-मिठाचं पाणी घोटघोट सुरू करा आणि दवाखाना गाठा. लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस असेल तर लगेच 108 ला फोन लावा. उरलेली भगर आणि पाकीट फेकू नका, तपासणीला लागतं. तक्रारीसाठी अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर 1800222365 आहे.

रोजच्या जेवणात भगर

ताजी भगर सतत घरात वापरात राहिली तर जुनी साठायचा प्रश्नच येत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की ती उपवासाच्या डब्यातून बाहेर काढा आणि आठवड्यात दोनदा तरी साध्या दिवशी करा.

साधा भात असा. एक वाटी भगर दोन-तीन पाण्यांनी धुऊन निथळायची. तुपात किंवा तेलात जिरं आणि मिरची टाकून भगर चार-पाच मिनिटं परतायची, हलकी होऊन सुटी वाटायला लागते. मग अडीच वाट्या उकळतं पाणी, मीठ, आणि मंद आचेवर झाकण. दहा-बारा मिनिटांत होते. गॅस बंद केल्यावर पाच मिनिटं झाकण उघडायचं नाही. गचका होतो तो बहुतेक न परतल्यानं किंवा सारखं ढवळल्यानं. मऊ हवी असेल, म्हाताऱ्यांसाठी वगैरे, तर तीन वाट्या पाणी घाला.

उपवासाला यावर दाण्याची आमटी असतेच. भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट, मिरची-जिऱ्याचं वाटण, आमसूल, गुळाचा खडा. ती बेताचीच खावी. दिवसभर रिकाम्या पोटी राहून संध्याकाळी दोन वाट्या दाण्याची आमटी घेतली की रात्री छातीत जळजळ ठरलेली.

साध्या दिवशी मात्र भगरीला डाळ जोडा. एक वाटी भगर, अर्धी वाटी मूगडाळ, हळद, लसूण, घरात असतील त्या भाज्या, कुकरला खिचडी. प्रथिनांचा मेळ बसतो आणि पोरंही खातात. तांदळाच्या जागी भगर घेऊन डोसे, घावनही होतात. तीन वाट्या भगर, एक वाटी उडीद डाळ, चमचाभर मेथ्या, सहा तास भिजवून वाटायचं आणि रात्रभर आंबवायचं. थंडीत पीठ फुगत नाही, तेव्हा डबा चुलीजवळ ठेवा. पहिला डोसा तव्याला चिकटला तर घाबरायचं नाही, तवा नीट तापला नव्हता एवढंच. दुसऱ्यापासून जाळी पडते. उरलेलं पीठ फ्रीज असेल तर एक दिवस ठेवा, नसेल तर त्याच दिवशी संपवा.