एका ट्रॅक्टरचे हस्तांतरण

दर्यापूर तालुक्यातील माझ्या आतेभावाने आपला ट्रॅक्टर विकावयास काढला, तेव्हा कागदपत्रे सांभाळण्याचे काम त्याने माझ्याकडे सोपविले. हयातभर कचेरीत दस्तऐवजांची छाननी केलेल्या माणसाचा आप्तेष्टांना होणारा हा बहुधा एकमेव उपयोग असावा. मुले पुण्यास नोकरीवर स्थिरावलेली, भरवशाचा चालक मिळेनासा झालेला, आणि स्वतः आतेभावाच्या गुडघ्यांनी क्लच दाबण्यास साफ नकार दिलेला, अशा स्थितीत शेडखाली उभ्या उभ्या दरसाल विम्याचा हप्ता खाणारे ते यंत्र काढून टाकणेच इष्ट, असा घरात निर्णय झाला.

ट्रॅक्टर एकटा नव्हता. त्याच्यामागे पलटी नांगर, पंजी, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र आणि ट्रॉली असा सारा सरंजाम होता. शिवाय उन्हापासून रक्षण करणारे छत, जाड गादीची बैठक, जड लोखंडी बंपर, गाणी वाजविणारा टेप, आणि पान्यांच्या पेटीत तेलकट कागदात गुंडाळून ठेवलेले फिल्टर व पंख्याचा जादा पट्टा. या प्रत्येक वस्तूची पावती आतेभावाने जपून ठेवली होती, आणि त्या सर्व पावत्यांची बेरीज करून, तीत मूळ किंमत मिळवून, व त्यातून वापराबद्दल मोठ्या उदार मनाने काही रक्कम वजा करून, त्याने आपला भाव ठरविला होता. विक्रेत्याच्या साऱ्या मनस्तापाचे मूळ या बेरजेत असते. समुद्रावर दूरच्या सफरी करणाऱ्या शिडाच्या नौका विकणाऱ्यांचीही हीच तक्रार असते: सौर तक्ते, दिशादर्शक यंत्रे, जादा शिडे यांवर ओतलेला पैसा नौकेच्या किमतीत परत येत नाही, फार तर गिऱ्हाईक लवकर मिळते. तेथे खरेदीदार आपला तज्ज्ञ आणून नौका पाण्याबाहेर काढावयास लावतो, तिचे बूड ठोकून पाहतो आणि मग ती समुद्रावर चालवून पाहतो. वऱ्हाडात हे सारे काम एकटा मिस्त्री करतो, आणि त्याचे शुल्क बहुधा चहा, जेवण व येण्याजाण्याचे भाडे एवढेच असते.

अशा यंत्राला मागणी येते ती विशेषतः दोन वेळा: दिवाळीनंतर कापसाचा पैसा हाती येऊ लागतो तेव्हा, आणि उन्हाळ्यात नांगरटीला हात घालण्यापूर्वी. आमचा मुहूर्त मात्र कठीण निघाला. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, आणि नवा ट्रॅक्टर जितक्याने उतरला तितक्याने जुनाही उतरला पाहिजे, असा हिशेब प्रत्येक गिऱ्हाइकाने घरूनच करून आणला. अमरावती व अकोल्याच्या रस्त्यालगत जुने ट्रॅक्टर मांडून बसलेल्या व्यापाऱ्यांनी तर भाव असा सांगितला की आतेभावाने त्यांना चहाही विचारला नाही. माझ्या मते हा राग अनाठायी होता. रोख पैसे देऊन, दुरुस्तीचा धोका पत्करून, माल महिनोन्महिने उन्हात उभा ठेवणारा माणूस कास्तकाराच्या भावाने घेणार नाही, हे उघड आहे.

खरे गिऱ्हाईक आले ते बार्शीटाकळीकडून: एक मध्यमवयीन कास्तकार, त्याचा पुतण्या, आणि ज्याच्या शब्दावर सारे अवलंबून होते तो मिस्त्री. भल्या सकाळी येण्याचा त्यांचा आग्रह सहेतुक होता. रात्रभर थंड पडलेले इंजिन पहिल्याच फेऱ्यात उठते की बराच वेळ कण्हत राहते, यावरून त्याच्या अंतर्गत झिजेची जी परीक्षा होते, ती तापलेल्या इंजिनावर होत नाही. त्यामुळे रामराम होण्याच्या आधीच मिस्त्रीने बॉनेटखाली हात घालून तळवा टेकविला आणि म्हणाला, "थंडं हाय काका, बरं केलं. काही लोकं आमी याच्या आंधीच गरम करून ठेवते."

इंजिन उठले. पहिला धूर काळा आला व विरळ होत नाहीसा झाला. तो निळसर राहिला असता तर इंजिन ऑइल जाळते असे ठरून बोलणे तेथेच संपले असते. मग ऑइल भरण्याच्या तोंडाचे झाकण काढून, तेथून वाफेचा लोट उसळतो काय, हे त्याने न्याहाळले, कारण पिस्टनच्या रिंगा झिजल्या म्हणजे सिलिंडरमधील दाब तेथून वाट काढतो. तासमीटरकडे मात्र त्याने ढुंकूनही पाहिले नाही. मीटरवरचा आकडा फिरविता येतो; पायपट्टीच्या रबराची झीज, हिचच्या खिळीची लंबगोल झालेली भोके आणि सुकाणूचा मोकळा फेर यांना खोटे बोलता येत नाही. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक स्वतंत्र असतात, आणि तासाच्या टोकाशी वळताना एकच दाबण्याची चालकाला खोड असली तर तो दुसऱ्याच्या आधी झिजतो. दोन्ही पायपट्ट्या आळीपाळीने दाबून मिस्त्रीने सांगितले की पूर्वीचा चालक सदैव डावीकडे वळत असे. हे ऐकून आतेभाऊ चकित झाला, कारण ते अक्षरशः खरे होते.

त्याचा पुढचा प्रश्न केवळ आमच्या मुलखातच विचारला जाण्याजोगा होता. "काका, रेडिएटरमंधी बोअरचं पानी टाकत होते काय?" पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे, तेथील काळी माती खोल आणि चिकण, आणि जमिनीखालचे पाणी खारट. ते पाणी रेडिएटरमध्ये घातले तर आत क्षार साचून नळ्या चोंदतात. वजनासाठी मागच्या टायरमध्ये भरले तर वॉल्व्हजवळून झिरपून लोखंडी रिम कुरतडते. आतेभाऊ पावसाचे साठविलेले पाणी वापरीत असे. मिस्त्रीने झाकण उघडून बोट फिरविले, गंज नाही हे पाहिले, आणि मग मागच्या चाकांशी उकिडवा बसून रिमवर नखाने खरवडून पाहिले. टायरच्या बाजूवर कोरलेल्या संकेताचे शेवटचे चार अंक आठवडा व वर्ष सांगतात, तेही त्याने पुतण्याकडून मोठ्याने वाचून घेतले. खाचा कितीही खोल असल्या तरी उन्हात वर्षानुवर्षे उभे राहिलेले रबर तडकतेच.

सर्वांत सुंदर परीक्षा मात्र लिफ्टची होती. जड पलटी नांगर पूर्ण उचलून त्याने इंजिन बंद केले, बिडी पेटविली आणि बांधावर बसून निवांत गप्पा सुरू केल्या. लिफ्टमधील तेल कोठून गळत असेल, तर उचललेला नांगर हळूहळू जमिनीकडे उतरतो. बिडी संपेपर्यंत तो दोन बोटे उतरला. "चालते," एवढाच निर्णय मिळाला, आणि त्यानंतर वावरात नांगराची चार तासे काढून, मातीत नांगर पूर्ण रुतल्यावर इंजिनाचा आवाज किती बसतो व गिअर निसटतो काय, हे पाहून झाले.

कागदांची पाळी आली तेव्हा माझी छाती उगाच थोडी पुढे आली. ट्रॅक्टर कर्जाने घेतलेला असल्यामुळे बँकेचे नाव नोंदणीपुस्तकावर होते, आणि जमीनही तारण असल्यामुळे सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढलेला होता. कर्ज फिटून पुष्कळ काळ लोटला होता. परंतु कर्ज फिटणे आणि बोजा उतरणे या दोन सर्वस्वी वेगळ्या घटना आहेत. बँकेचा नाहरकत दाखला, तिच्या शिक्क्यासह नमुना 35, आणि सातबाऱ्यासाठी निराळा फेरफार, एवढे झाल्यावाचून समंजस गिऱ्हाईक पैसे मोजीत नाही. याच अमरावती-अकोला मार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अखंड अंथरून विश्वविक्रम झाला. बोज्याच्या एका ओळीला त्याहून कितीतरी अधिक अवधी लागला, हे नमूद करताना मी कोणाही कारकुनाला दोष देत नाही, मीही त्याच जातीचा. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चेसिस व इंजिन यांचे क्रमांक पुस्तकाशी अंकागणिक ताडून, चेसिसच्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा मी स्वतः घेतला.

बैलबाजारात दलाल उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरवीत, आणि त्या आडोशामुळे दोन्ही पक्षांची अब्रू राखली जाई. येथे सारे उघड्यावर बोलले गेले. छत, गादी आणि टेप यांना एक छदामही मिळाला नाही, उलट पुतण्या म्हणाला, "टेप काढून ठेवा काका, लेकरं बिघडतेत." रोटाव्हेटर व पेरणी यंत्र त्यांच्याकडे होतेच, म्हणून ते त्यांनी फुकटाच्या भावाने मागितले, आणि येथे मी मध्ये पडलो. ट्रॅक्टर व पलटी नांगर एवढाच सौदा करून, उरलेली औजारे गावातच वेगवेगळ्या कास्तकारांना विकली, तेव्हा त्यांचे एकत्र मागणीहून बरेच अधिक आले. सर्व सरंजाम एकाच गिऱ्हाइकाला विकण्याचा मोह विक्रेत्याने टाळावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

इसार घेतला, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, आणि गिऱ्हाईक म्हणाले की नाव नंतर सवडीने चढवू. येथेच घात होतो. कायद्याने मालकाने विक्रीची खबर नमुना 29 वर 14 दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास द्यावयाची असते, आणि घेणाऱ्याने नमुना 30 भरून 30 दिवसांच्या आत नाव लावून घ्यावयाचे असते. 2018 मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गाडी कितीही हातांतून गेलेली असो, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार मालक. म्हणजे मुद्रांकावरील करारनामा उराशी धरून बसलेल्या विक्रेत्यावर परक्याच्या अपघाताचा दावा येऊ शकतो. आम्ही उरलेली रक्कम, दोन्ही नमुन्यांवरील सह्या आणि किल्ली यांचा व्यवहार एकाच दिवशी केला, एम.एच. 27 हा अमरावतीचा क्रमांक तोच राहिला, नाव तेवढे बदलले. ज्यांच्या शेडमध्ये असा ट्रॅक्टर उभा आहे आणि ज्यांच्या मनात तो विकण्याचे आहे, त्यांना विनंती एवढीच की गिऱ्हाईक शोधण्याच्या आधी बोजा उतरवून घ्यावा, आणि नमुना 29 ची पोच हाती पडेपर्यंत, गिऱ्हाईक सोयरे असले तरी, रकमेचा निदान काही भाग आणि दुसरी किल्ली कोणा मध्यस्थाकडे ठेवावी.