मीठ गेले कुठे?

मिठाचा एक खडा घ्या. पाण्याने भरलेल्या तांब्यात तो टाका. रात्रभर तांब्या तसाच ठेवा. सकाळी हात घालून खडा शोधा. सापडेल का? नाही सापडणार. मग मीठ गेले कुठे?

हा प्रश्न आमचा नव्हे. तो फार जुना आहे. छांदोग्य उपनिषद नावाचा एक ग्रंथ आहे. अभ्यासकांच्या मते तो सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या सहाव्या अध्यायात बापलेकाची गोष्ट आहे. बाप उद्दालक आणि लेक श्वेतकेतू.

श्वेतकेतू बारा वर्षांचा झाला. बापाने त्याला गुरूच्या घरी शिकायला धाडले. आणखी बारा वर्षे तो तिथे राहिला. सगळे वेद शिकला. घरी आला तो ताठ मानेने! आपल्याला सगळं कळलं, असा त्याचा तोरा. असा एखादा तुमच्याही गावात असेल. बापाने ते ओळखले. जे समजल्यावर बाकीचे सगळे समजते, ते गुरूला विचारलेस का, असे त्याने लेकाला विचारले. लेक गप्प झाला.

असे काय आहे ते? बापाने मातीचे उदाहरण दिले. कुंभाराकडे घागर असते, रांजण असतो, पणती असते. नावे निरनिराळी, पण माती एकच. तसेच या साऱ्या जगाच्या मुळाशी एकच वस्तू आहे. उपनिषद तिला 'सत्' म्हणते. सत् म्हणजे जे आहे ते. पुष्कळ ठिकाणी त्यालाच ब्रह्म म्हटले आहे.

पण ते दाखवायचे कसे? ते काही बाजारात मिळत नाही. म्हणून बापाने खुणा शोधल्या. तुम्ही आता अक्षरे वाचता, तेव्हा खूण म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. 'पाणी' हा शब्द वाचून तहान भागत नाही. तो शब्द म्हणजे पाण्याची खूण. ती पाहून पाण्याकडे जायचे असते.

बापाने वडाचे फळ आणायला सांगितले. ते फोडले. आत बारीक बारीक बिया होत्या, मोहरीहून लहान. त्यातली एक फोड म्हणाला. लेकाने फोडली. आत काय दिसतं? काहीच नाही, बाबा! बाप म्हणाला, तुला जिथे काहीच दिसत नाही ना, तिथूनच एवढा वड उभा राहिला आहे.

मग मिठाची पाळी आली. सकाळी लेकाला खडा सापडेना. बापाने त्याला वरचे पाणी चाखायला लावले. कसं आहे? खारट. मधले? खारट. तळचे? तेही खारट. डोळ्यांना मीठ दिसले नाही, हाताला लागले नाही, जिभेला मात्र कळले. सत् तसेच सगळीकडे आहे, तुझ्यातही आहे, असे बापाने सांगितले. लेक म्हणाला, बाबा, पुन्हा समजावून सांगा. ताठ मानेने आलेला हा मुलगा या गोष्टीत पुन्हा पुन्हा हेच म्हणतो. आम्हाला हा भाग सर्वांत आवडतो.

आता यातली अडचण सांगतो. मीठ जिभेला कळते, पण सत् जिभेला कळत नाही. खूण तिथवर पोचत नाही. म्हणून मोठमोठ्या आचार्यांत वाद झाले. ते सत् तूच आहेस, असे बाप सांगतो, असा शंकराचार्यांनी अर्थ केला. मध्वाचार्य म्हणाले, संस्कृतात शब्द जोडून येतात, इथे एक 'अ' लपला आहे. तो 'अ' धरला की अर्थ होतो, तू ते नाहीस. देव वेगळा, जीव वेगळा. पाहा, एका अक्षराने केवढा फरक पडला!

पण आम्हाला दुसराच प्रश्न जास्त बोचतो. तांब्यात मीठ वर जास्त आणि तळाशी कमी, असे नव्हते. सर्वांत एकच सत् असेल, तर माणसांत उच्चनीच आले कुठून? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न केला. त्यांचे ते लिखाण त्यांच्या मागे, १९८७ साली, छापून निघाले. सर्वांत एकच ब्रह्म आहे म्हणणाऱ्यांनी समाजात समता का आणली नाही, असे त्यांनी विचारले.

त्यांनी हे नुसते लिहिले नाही. महाडला चवदार तळे आहे. अस्पृश्य म्हटलेल्या लोकांना त्याचे पाणी घेऊ देत नसत. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. तळे बाटले म्हणून काही लोकांनी मंत्र म्हणून ते 'शुद्ध' केले. पुढे कोर्टात दावा लागला. दहा वर्षांनी, १९३७ साली, मुंबईच्या हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.