बंबवाल्यांची १४ एप्रिल

टण टण घंटा वाजवत लाल बंब निघाला की तुम्ही खिडकीकडे धावता ना? आमच्या वर्गात तर शुद्धलेखन तिथेच राहतं!

मुंबईत पूर्वी हे बंब घोडे ओढत. १८५५ च्या सुमारास हे काम पोलिसांकडे होतं. १८८७ साली वेगळं अग्निशामक दल उभं राहिलं. दलाचं मुख्य केंद्र भायखळ्याला आहे आणि तिथे एक स्मारकही आहे. ते कुणाचं, ते ऐका.

सन १९४४. दुसरं महायुद्ध चालू होतं. १४ एप्रिलला दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या बोटीतून धूर येऊ लागला. बोटीत सुमारे १४०० टन स्फोटकं होती आणि त्यांच्याजवळच कापसाच्या गाठी रचलेल्या. (युद्धाची घाई, दुसरं काय!) मोठ्या आगीची वर्दी फोनवरून द्यायची, तर फोन लागेना. मग धोक्याच्या घंटेची काच फोडली. पण घंटा काय बोलणार? काय जळतंय ते कळलंच नाही आणि आधी दोनच बंब आले. येऊन पाहतात तर दारूगोळ्याची बोट! मग धडाधड आणखी बंब मागवले.

कापसाची आग मोठी लबाड. गाठीच्या पोटात ती धुमसत राहते, वरून ओतलेलं पाणी तिथवर पोचत नाही. शेकडो टन पाणी ओतलं, तरी बोटीचा पत्रा तापतच गेला. बोटीत काय आहे हे कळूनही जवान पाण्याचे पाइप धरून उभे होते.

हे सांगताना चौथीतल्या एकाने विचारलं, "बाई, ते पळून का नाही गेले?" मला पटकन बोलताच येईना. मग फळ्यावर नकाशा काढला. इकडे गोदी, तिकडे लागूनच मांडवी, मशीद बंदर. सगळी माणसांची वस्ती. पोरगा गप्प बसला.

४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा. पार सिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा उमटला. बोटीतली सोन्याची एक वीट उडून दूरच्या एका घरात जाऊन पडली! शेकडो माणसं गेली. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते.

भायखळ्याचं स्मारक त्यांचं आहे. दर १४ एप्रिलला तिथे मानवंदना देतात आणि देशभर तो दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

आणि हो, १०१ नंबर फिरवलात तर नुसतं "आग, आग" ओरडू नका हं. कुठे लागली आणि काय जळतंय, तेही सांगा.