शार्लरुआचा मोसम

चिलीत २०१५ साली सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात नायजेरियाने मालीला २-० असं हरवलं. कर्णधार केलेची न्वाकाली स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि व्हिक्टर ओसिमेनने १० गोल ठोकले. या स्पर्धेत एका खेपेला इतके गोल तोवर कुणी केले नव्हते. न्वाकालीला लंडनच्या आर्सेनलने घेतलं, पण मुख्य संघाकडून तो एकही सामना खेळला नाही. उसनवारीवर या क्लबातून त्या क्लबात, या देशातून त्या देशात, अशीच त्याची उमेदीची वर्षं गेली. ओसिमेन मात्र आज जगातल्या महागड्या आघाडीवीरांत मोजला जातो. दोघांत गुणांचा फरक होता, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. मला ते पटत नाही.

ओसिमेन लागोसच्या ओलुसोसुन वस्तीतला. शेजारी कचऱ्याचा अवाढव्य डेपो. आई तो लहान असतानाच गेली. सात भावंडांतलं हे शेंडेफळ वाहनांच्या गर्दीत पाण्याच्या पिशव्या विकायचं आणि डेपोवर खेळण्याजोगे बूट शोधायचं. ही गोष्ट त्याच्याविषयीच्या प्रत्येक लेखात असते, कारण ती सांगायला सोपी असते. खरी गुंतागुंत पुढे आहे.

चिलीत त्याला सोळा वर्षं पूर्ण झाली होती. फिफाच्या नियमानुसार, मोजके अपवाद सोडले तर, अठरा वर्षांखालच्या खेळाडूला परदेशी क्लबात जाता येत नाही. मुलांना युरोपात नेऊन वाऱ्यावर सोडणारे दलाल पश्चिम आफ्रिकेत फार. कॅमेरूनचे माजी खेळाडू जाँ-क्लोद म्बवूमँ यांनी अशाच फसलेल्या मुलांसाठी पॅरिसमध्ये ‘फूट सोलिडेर’ ही संस्था काढली. ओसिमेनचा अठरावा वाढदिवस २९ डिसेंबर २०१६ ला झाला आणि जानेवारीत जर्मनीच्या वोल्फ्सबर्गने त्याला घेतलं.

तिथे तो सपशेल आपटला. दुखापती, शस्त्रक्रिया, आणि गोलांच्या रकान्यात शून्य. २०१८ च्या उन्हाळ्यात बेल्जियमच्या दोन क्लबांनी त्याला चाचणीला बोलावलं, तेव्हा तो मलेरियाने खंगलेला होता. झुल्टे वारेगेमने नाही म्हटलं, क्लब ब्रुगेनेही. एकोणीस वर्षांचं पोर, घर हजारो मैल दूर. अशा वळणावर किती जण संपतात, याची नोंद कोण ठेवतं?

शेवटी शार्लरुआने त्याला उसनवारीवर घेतलं. बेल्जियमच्या जुन्या कोळसापट्ट्यातलं हे शहर, आणि क्लबही मधल्या फळीतला. पण तिथे त्याला मोठ्या क्लबाला देता न आलेली एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे आठवड्यामागून आठवडा मैदानावर उतरण्याची खात्री. त्या एका मोसमात त्याने २० गोल केले. माझ्या मते ओसिमेन घडला तो इथे. पुढे इटलीतल्या नापोली क्लबात त्याची फक्त किंमत ठरली. परदेशी जाणाऱ्या मुलाच्या पालकांना क्लबाचं नाव मोठं हवं असतं (आपल्याकडच्या कॉलेज-प्रवेशांसारखंच), पण त्याला खेळवतील का, हा प्रश्न करारावर सही होऊन गेल्यावर सुचतो.

मग २०१९ ला फ्रान्सचा लील आणि २०२० ला नापोली. २०२१ च्या नोव्हेंबरात इंटर मिलानविरुद्ध डोक्याला डोकं आपटून त्याच्या चेहऱ्याची हाडं मोडली; तेव्हापासून तो मुखवटा लावून खेळतो. २०२२-२३ मध्ये २६ गोल करून तो इटलीच्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा पहिला आफ्रिकी ठरला. मॅराडोनाच्या काळानंतर नापोलीने लीग जिंकली ती ३३ वर्षांनी, आणि उदिनेच्या मैदानात विजेतेपद पक्कं करणारा बरोबरीचा गोलही त्याचाच.

चिलीनंतरची सतरा वर्षांखालील विश्वचषकाची स्पर्धा २०१७ ला भारतात झाली. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर मालीची पोरं उपांत्य फेरीत स्पेनशी झुंजली आणि ३-१ ने हरली. त्यांच्या वेगावर हुरळून गेलेल्या प्रेक्षकांपैकी किती जणांनी पुढे त्यांची नावं शोधली असतील, कोण जाणे.

तुर्कस्तानच्या गालातासारायने एक वर्ष उसना खेळवून २०२५ मध्ये ओसिमेनला साडेसात कोटी युरोंना विकत घेतलं. फिफाच्या नियमाने अशा रकमेतला पाच टक्क्यांपर्यंतचा वाटा खेळाडूला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांत विभागला जातो. सोळाव्या वर्षापासून पुढच्या प्रत्येक मोसमाला अर्धा टक्का. त्या हिशोबाने शार्लरुआच्या एका मोसमाचे होतात पावणेचार लाख युरो.